बूड न हलवता चाळीस पानं

२ जून

भास्करमामानं सकाळी दोनशे पानी वही आणि दोन पेनं माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाला, "रोज एक पान भरायचं. काय लिवायचं ते तुझं तू बघ. पण पान संपेस्तोवर बूड उचलायचं न्हाई. चाळीस दिवस जमलं तर भट्टीवर बसवतो. न्हाई जमलं तर तिकीट काढून देतो, जा आईकडं."

मी म्हणालो, "मामा, लिहायला लागतं म्हणूनच तर मी आठवीत शाळा सोडली."

"म्हणूनच दिलीय."

बूड उचललं. एकदा पाणी प्यायला, एकदा गल्लीत सांड शिरला म्हणून बघायला, एकदा सांड गेला का बघायला. पान अर्धंच राहिलं. मामा म्हणाला, "आजचा धरायचा न्हाई. उद्या पयला दिवस."

३ जून

पहिला दिवस. बसलोय. काय लिहू?

मी विश्वजित. विट्याजवळच्या वाडीचा. आमच्याकडची पोरं मिसरूड फुटलं की सोनं गाळायला देशभर जातात. जुने दागिने वितळवायचे, त्यातला तांब्या-चांदीचा मळ काढायचा आणि चोख सोनं सराफाच्या हातात द्यायचं, हा आमचा गलाईचा धंदा. मामाचं दुकान लखनऊच्या चौकात आहे. खाली दुकान, वर घर. घरात सरलामामी आणि देविका. देविका कॉलेजात जाते. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. जणू मराठी बोललं तर दात झिजतात.

मी आत्तापर्यंत तीन ठिकाणांहून पळालोय. राउरकेला, वारंगळ आणि सेलम. आता नात्यातलं एवढंच एक दुकान उरलंय. इथूनही पळालो तर कुणी दारात उभं करणार नाही. आईनं मामाला शब्द दिलाय, "दादा, ह्यो शेवटचा."

मामा म्हणतो, ज्याला एक पानभर बसता येत नाही त्याच्या हातात तापलेली मूस कशी द्यायची? मूस म्हणजे ज्यात सोनं वितळतं ती मातीची वाटी. हात हलला की संपलं.

पान संपलं. पायाला मुंग्या आल्यात. गाढवाला बांधतात ते बरं, त्याला निदान लिहावं लागत नाही.

५ जून

वही घरी नेऊन खाटेवर पडून लिहीन म्हणालो, तर मामा खेकसला. "दुकानातला कागद दुकानाभायेर जात न्हाई!"

नियम माहीत होता, पण वहीलाही लागू होईल असं वाटलं नव्हतं. इथं धुळीतही सोनं असतं. म्हणून दुकानाचा शर्ट दुकानातच उतरवायचा, हात टपातच धुवायचे आणि ते पाणीही ठेवायचं. झाडलेला कचरा, फाटकी गोणपाटं, जुने शर्ट, कागद सगळं साठवायचं आणि तीन-चार महिन्यांनी जाळून त्यातलं सोनं काढायचं. मामा माझे केससुद्धा दुकानातच कापून घेतो. कापलेले केस गोणीत टाकतो. माझ्या डोक्यात जे काही सोनं आहे ते त्या गोणीत आहे.

तर वही इथंच राहणार. मी ती सवागीच्या डब्यात लपवतो. सवागी म्हणजे सोनं वितळताना टाकायची पांढरी पूड. त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

देविका चार्जर शोधत खाली आली होती. मोबाईलमधलं वाचून दाखवायला लागली, "डायरी लिखने के फ़ायदे. मन हल्का होता है. नींद अच्छी आती है. अपने आप को समझने लगते हैं."

मी म्हणालो, "झोप तर लिहिताना पण येते."

"तुमसे बात करना ही बेकार है," म्हणाली आणि चार्जर न घेताच गेली.

९ जून

ऊन असं की दुपारी चौकातली कुत्रीसुद्धा नालीत बसतात. त्यात भट्टी. जेवणाचं तर विचारू नका. मामी इथं वीस वर्षं राहून निम्मी लखनवी झालीय. दुधीत बटाटा, वांग्यात बटाटा, उद्या बटाट्यातही बटाटा घालेल. मला खर्डा पाहिजे. तव्यावर भाजलेल्या मिरच्यांचा, लसूण घालून पेल्याच्या बुडानं रगडलेला. पण बोलणार कोण? पाहुण्यानं मागू नये.

१० जून

आज ताटात खर्डा! भाकरी पण! मी काही बोललो नव्हतो. मामी म्हणाली, "आज आसंच वाटलं बाई." तिच्या बोटांना पांढरं लागलं होतं. भाकरीचं पीठ असणार.

११ जून

वहीत जे लिहावं ते होतं की काय? करून बघतो. लिहितो : देविकानं तिचे जुने इअरफोन मला द्यावेत.

१२ जून

जिन्यात देविका भेटली. मी नुसतं "काय गं" म्हणालो तर अंगावर आली. "इयरफ़ोन बिल्कुल नहीं मिलेंगे. सोचना भी मत."

मी तोंडातून शब्द काढला नव्हता! म्हणजे वही मागणं पोचवते, पण समोरच्यावर जबरदस्ती करत नाही. बरोबरच आहे म्हणा. देवही तेवढंच करतो.

काल पायाच्या बोटावर ठिणगी पडली. फोड आलाय. कुणाला सांगितलं नाही, नाहीतर मामा म्हणेल, बघ, हललास.

१३ जून

आईचा फोन. पहिलाच प्रश्न, "बोटाचा फोड फुटला का रं?"

मी गार पडलो. सोळाशे किलोमीटरवरून माझ्या पायाचं बोट हिला कसं दिसलं? आईचं काळीज म्हणतात ते उगीच नाही. मी "बरं आहे" म्हणालो आणि उगाच नाक ओढत बसलो.

वर म्हणाली, "कोरफड लाव. आणि विनयाकाकूच्या कोरफडीचा गर लई गुणाचा हाय आसं म्हण की तिला कदी. बिचारी."

विनयाकाकू आमची शेजारीण. कोरफड तिच्या दारात आहे हे खरं. पण गुणाची? तिच्या चहात दूध मोजून तीन थेंब असतं, आणि आमच्या कोंबड्या अंडी घालायला तिच्याच आडोशाला का जातात याचा तपास कधीच लागला नाही. सगळ्या वाडीला माहीत आहे. तोंडावर कोण म्हणणार? म्हणून इथं लिहून ठेवतो.

१५ जून

आई म्हणाली, विनयाकाकू फुगलीय. का ते सांगेना. म्हणाली, "तुझ्यावरच फुगलीय म्हण." घ्या! मी इथं लखनऊत, आणि ती तिथं फुगलीय. काही बायकांना निमित्तच लागत नाही.

१६ जून

आज मोठी बातमी. हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून फक्त इथं.

विक्रमचा फोन आला. आमच्याच वाडीचा, ट्रकवर असतो. एकवीस तारखेला इथं लखनऊजवळ मलिहाबादला दशहरी आंबा भरायला येतोय, नवी मुंबईच्या बाजारासाठी. म्हणाला, "केबिनमधी जागा हाय. येतोस का? नवी मुंबईत गाळ्यावर हमालीचं बघू. मोकळ्या हवेत काम. भट्टी न्हाई, मामा न्हाई."

माझं काळीज असं उडालं की चौदावा दिवस असूनही दोनदा उठलो. मामाचं लक्ष नव्हतं.

बेत असा : एकवीसला सकाळी मामाला सांगायचं, दाढ दुखते, डॉक्टरकडं जातो. टेंपोनं दुबग्गा, तिथून मलिहाबाद. मोठ्या विहिरीच्या बागेत विक्रम दहाला ट्रक लावणार.

आईचं वाईट वाटतं. पण पोचलो की फोन करीन.

१८ जून

आईचा फोन. "तुझ्या खोलीची कौलं उतरवलीत. आत गवत भरलंय. आता आलास तरी झोपायला जागा न्हाई, बरं का." मी कुठं येतोय म्हणालो होतो?

विचारलं, "दाढ कशी हाय?" म्हणालो, बरी आहे. मग आठवलं, दाढ अजून दुखायला लागायची आहे. आईचं काळीज आता पुढचंही बघायला लागलंय.

२१ जून

काय झालं ते नीट लिहितो, कारण माझा अजून विश्वास बसत नाही.

सकाळी गाल धरून वर गेलो तर मामी नवी साडी नेसून तयार, मामानं भाड्याची गाडी मागवलेली, देविका गॉगल लावून जिन्यात. मामी म्हणाली, "चल विशू, मलिहाबादला जाऊ. आंबा झाडाखालीच खाल्ला पायजे."

मी म्हणालो, "माझी दाढ..."

"आंब्याला दात कशाला लागतात?" मामा म्हणाला.

मलिहाबादेत बागा काय थोड्या आहेत? नजर जाईल तिकडं आंबा. मी मनात म्हणालो, एवढ्यांतून विक्रमची बाग काय सापडते. तर देविका ड्रायव्हरला म्हणते, "भैया, वो बड़े कुएँ वाला बाग़ पता है?"

गाडी थांबली ती थेट विक्रमच्या ट्रकच्या नाकासमोर.

विक्रमनं मला बघून हात वर केला, मग मामाला बघून त्याच हातानं डोकं खाजवायला लागला. मामी सरळ त्याच्याकडं. "तू जालिंदरचा न्हवं रं? किती वाळलास! ये, बस." पिशवीतून धपाटी काढली, दही काढलं, खर्डा काढला. डबा चौघांचा नव्हता, पाच जणांचा होता. त्याला झाडाखाली बसवून पोटभर खायला घातलं आणि मग एकेक विचारायला लागली. नवी मुंबईत झोपतोस कुठं? गाळ्यावरच. जेवतोस कुठं? मिळंल तिथं. आईला शेवटचा कधी भेटलास? विक्रमनं हातातला घास परत ठेवला. दिवाळीला, म्हणाला. कुठल्या दिवाळीला ते मामीनं विचारलं नाही.

मामा इतका वेळ आंबे दाबून बघत होता. जाताना विक्रमच्या हातात एक पेटी दिली. "वाडीवर कुणी जाणार आसंल त्याच्यासंगं दे. निम्मी हिच्या नणंदंला, निम्मी तुझ्या आईला." हिची नणंद म्हणजे माझी आई. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आजचं पान ऱ्हायलंय. ऊन उतरायच्या आत घरी चला."

विक्रम जाताना कानात म्हणाला, "तू सांगितलंस व्हय रं यांना?"

"आईशपथ नाही."

"मग ही बया मंत्र जाणती."

लखनऊला परत येईस्तोवर मी गाडीत मामीच्या तोंडाकडं बघत बसलो. देविका मोबाईल पुसत होती. पडद्याच्या कडेला पांढरी पूड लागलेली. तोंडाला पावडर फासते आणि तेच हात मोबाईलला.

दशहरी गोड होता. हे कबूल करायला पाहिजे.

२४ जून

आज बाविसावा दिवस. काहीच सुचत नव्हतं, म्हणून हात आपोआप सेलमकडं गेला. जाऊ दे. लिहून टाकतो.

सेलमला विजयशेठच्या दुकानात मी मूस उतरवत होतो. बाहेर लग्नाची वरात आली, बाजा वाजायला लागला. मी मान वळवली. एवढंच. चिमट्यातनं मूस कलंडली. सोनं भट्टीच्या पायाशी सांडलं आणि तिथली फरशी एका कोपऱ्यात फुटकी होती, त्या फटीत गेलं. डोळ्यांदेखत. पाण्यासारखं. दुकानात कुणी नव्हतं. मी रिकामी मूस जागेवर ठेवली, शर्ट खुंटीला अडकवला आणि स्टेशन गाठलं.

वाडीत बातमी माझ्या आधी पोचली, की कल्पनाचा पोरगा सोनं घेऊन पळाला. कल्पना म्हणजे माझी आई. मी खरं का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर कोण म्हणालं असतं, हो बाबा, सोनं फटीत गेलं? चोर म्हणाले ते परवडलं. चोराला निदान हात हलला असं कुणी म्हणत नाही.

आईनं कधीच विचारलं नाही. तू घेतलंस का, असं एकदा तरी विचारायला पाहिजे होतं. मग मी नाही म्हणालो असतो.

पान संपलं. मान वर केली तर मामाची भट्टी विझलेली. दुकान बंद करायची वेळ झाली तरी मी बसूनच होतो.

२६ जून

घरात सगळे विचित्र वागतायत. काल आईनं फोन केला, "विशू" म्हणाली आणि रडायलाच लागली. विचारलं काय झालं तर म्हणे, कांदा चिरत होते. मागनं कुणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं. आवाज विनयाकाकूचा वाटला. तीही कांदा चिरत असेल.

मामा सकाळपासून फोनवर. "आवं फरशी उचलून तर बघा! पाच मिंटाचं काम!" गावाकडं घर बांधायला काढलंय, त्याचं असणार. मला भट्टीजवळ घेतलं, भट्टीला वारा घालायचा धौंकनीचा पंखा माझ्या हातात दिला. देविकानं येऊन मांडीवर काहीतरी टाकलं आणि पळाली. इअरफोन.

वहीचा फायदा आहे. उशिरा होतो, पण होतो.

६ जुलै

मोहर्रम. चौकात सगळं बंद, गल्लीगल्लीत सरबताच्या टाक्या. दुकानाचं दार ओढून आतच बसलो. एक पान म्हणून लिहायला लागलो, त्याची दोन झाली. वाडीच्या ओढ्याबद्दल लिहीत होतो. बाहेरून ताजिया गेला, ढोल वाजले, आणि मला नंतर कळलं की मी मान वळवून बघितलंच नाही.

मामा कोपऱ्यात होता. त्यानं बघितलं. स्वतःच्या सरबताचा पेला माझ्याकडं सरकवला.

१२ जुलै

चाळिसावा दिवस. जमलं.

पण आजच मामानं सांगितलं, उद्या साठवलेला कचरा जाळायचा. शर्ट, गोणपाटं, कागद. "आणि तुझी वही."

मला वाटलं चेष्टा. "वही कशाला?"

"चाळीस दिस मळक्या बोटांनी लिवलंस. दुकानाचा कागद हाय. नियम म्हंजे नियम."

मी म्हणालो, दुसरी कुठलीही वस्तू जाळा. मामा म्हणाला, दुसऱ्या कुठल्या वस्तूवर तू चाळीस दिस बसला न्हाईस.

आता खरं लिहितो, हे शेवटचं पान आहे तर. सेलमचं खरं सगळ्या जगात याच एका जागी लिहिलेलं आहे. हे जळलं की मी परत चोर. विक्रम उद्या मलिहाबादला चौसा आंबा भरायला येतोय. वही शर्टात घालून सकाळीच निघायचं. यावेळी बेत पानावरच राहणार, मी आज दुकानातच झोपणार आणि वही रात्रभर माझ्या शर्टाखाली. बघू आता कोणाचं काळीज कसं ओळखतं ते.

१३ जुलै

ही नवी वही. जुनी गेली. कशी ते सांगतो.

सकाळी कुणी उठायच्या आत वही पोटाशी खोचून दाराकडं निघालो. कडी काढली. आणि सवयीनं, एवढ्या दिवसांच्या सवयीनं, बाहेर पाय टाकण्याआधी दुकानाचा शर्ट उतरवला. खुंटीला अडकवायला हात वर केला तर वही धपकन खाली.

मामा तिथंच बसलेला, चहा पीत. मी उघडा, पायाशी वही. पळून जाणारा इतका शिस्तीत कुणी बघितला नसेल.

मामा हसेल वाटलं. हसला नाही. म्हणाला, "न्यायची आसंल तर ने. तुझं हाय ते. मी आडवणार न्हाई. फकस्त मग भट्टीवर बसायचं ते दुसरीकडं बघ."

मी विचारलं, "मामा, जाळलं तर काय राहतं?"

"आरं, तू कुठल्या धंद्यात हाईस?"

मी वही उचलली. दारात उभा राहिलो. विक्रमची ती दिवाळी आठवली, कुठली ते त्यानं न सांगितलेली. मग दार लावून घेतलं आणि शर्ट परत चढवला.

मामानं वहीसाठी वेगळी लहान मूस काढली. "ही तुझी पयली," म्हणाला. वही मी स्वतः जाळली. पानं एकेक करून वळत गेली. राख मुशीत घातली, सवागी टाकली, भट्टीत ठेवली. मामी आणि देविका जिन्यात. देविका मोबाईल धरून शूटिंग करत होती. मूस लाल झाली, मग पिवळी. मी चिमटा लावला. नेमका तेव्हा गल्लीत सांड शिरला, भांडी पडली, कुणीतरी ओरडलं. मी मान वळवली नाही. मूस सरळ उतरली.

थंड झाल्यावर फोडली. तळाशी खसखशीच्या दाण्याएवढा मणी. पिवळा.

"चाळीस पानांचं एवढंच?" मी म्हणालो.

"लोकांच्या चारशे पानांत एवढं बी निघत न्हाई," मामा म्हणाला आणि त्याचा फोन माझ्या हातात दिला. पलीकडं सेलमचे विजयशेठ. म्हणाले, "विश्वजित, फरशीखाली मिळालं रं पोरा. परवाच. तू लिहिलंस त्याच कोपऱ्यात. मी वाडीत फोन करून सगळ्यांना सांगितलंय. माझंच चुकलं, तुला विचारायला पायजे होतं."

मी म्हणालो, "मी लिहिलं? तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामा भट्टी झाडायला लागला. मामी पदराला बोटं पुसायला लागली. बोटांना पांढरं. आज भाकरी नव्हती. मी देविकाकडं बघितलं. तिचा मोबाईल सवागीनं पांढरा.

आणि त्या मोबाईलवर शूटिंग नव्हतंच, व्हिडिओ कॉल होता. पडद्यात आई. तिच्यामागं आमचा ओटा, ओट्यावर निम्मी वाडी, आणि मधोमध विनयाकाकू, डोळ्यांवर चष्मा. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी काकूच म्हणाली,

"ते समदं खरं. पण वही जाळली, आता उद्या सकाळी आमी काय वाचायचं?"

१५ जुलै

देविकाकडं चाळीसच्या चाळीस पानांचे फोटो आहेत. रोज काढायची, आईला पाठवायची, काकू ओट्यावर मोठ्यानं वाचायची. शेवटचं पान तेवढं मी अंगाखाली धरून झोपलो होतो. तेही तिनं कसं काढलं ते सांगत नाही. "नींद अच्छी आती है, बताया था ना," एवढंच म्हणाली.

मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मग भूक लागली.

फोटोंवरून सगळं या वहीत परत उतरवून काढलं. ज्या दिवशी नुसतं 'गरम होतंय' लिहिलं होतं ती पानं गाळली. सोन्याचा मणी मामानं मला दिला, तो पहिल्या पानावर चिकटपट्टीनं लावलाय. म्हणजे ही वहीही जाळावी लागणार. असो. आता मी भट्टीवर बसतो आणि दुपारी इथं.

वही सवागीच्या डब्यातच ठेवतोय. झाकण सैल ठेवलंय. मामी, उद्या खर्डा. देविका, फोटो सरळ काढ, काकूंची मान वाकडी होते.

विनयाकाकू, कोरफड खरंच गुणाची. अंड्यांचा तपास मात्र मी लावलाय. कुणी, कधी आणि कुठल्या टोपलीत, सगळं नावानिशी उद्याच्या पानावर लिहितो. ओट्यावर जास्त माणसं बोलवा.

आणि आई, मी घेतलं नव्हतं.